धुक्यातलं पांढरं घर

११ मे

खारू,

दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. हे कामाचं पत्र आहे.

तुझा पत्ता मला दोरेवाल्या बाईंनी दिला. म्हणजे दिला असं नाही. त्या गिऱ्हाइकाशी बोलायला पुढे गेल्या, पार्सलांची वही उघडी राहिली आणि मी वाचला. तू दर हिवाळ्यात त्यांच्याकडून पांढऱ्या दोऱ्याच्या सहा लडी मागवतेस, हेही तिथेच कळलं. तू सुई सोडलीस असं मी सात वर्षं धरून चालले होते. बाई एवढ्या बडबड्या, पण सात वर्षं त्यांनी मला ताकास तूर लागू दिली नाही.

काम असं की बाई या वर्षी नमुन्यांचं नवं पुस्तक काढताहेत. सहा नमुने पानगळीचे, सहा हिवाळी सुट्टीचे, सगळे आपल्या फुलीच्या टाक्याचे. पुस्तक सप्टेंबर संपायच्या आत दुकानात हवं, कारण लोकांना थंडी पडायच्या आत भरायला बसायचं असतं. म्हणून मी ऐन मे महिन्यात पानगळ काढतेय. बाहेर ऊन मी म्हणतंय, पंखा माझे कागद उडवतोय आणि मी चौकटीच्या कागदावर पिवळ्या पानाशेजारी तपकिरी पान बसवतेय.

दुपारी टेबलावरच डोळा लागतो. स्वप्नातही सगळं चौकटीचं असतं. पानं गळतात तीसुद्धा एकेक घर मोजत खाली येतात, घाई करत नाहीत. काल त्या स्वप्नात मी खिडकीशी उभी होते आणि खाली रस्त्यावर कुणीतरी पाठमोरं बसून पानं गोळा करत होतं आणि खिशात कोंबत होतं. मी हाक मारणार तेवढ्यात जाग आली. गालावर कागदाच्या रेघा उठल्या होत्या.

बाईंना पुस्तकात खार हवीच आहे. "लोकांना खार फार आवडते हो ताई, जरा गोंडस करा." मी चार वेळा काढली, चारही वेळा उंदीर झाला. शेपूट फुगवली तर उंदराने झाडू धरलाय असं दिसतं. खार तुलाच जमली असती. तुझं नाव काही उगाच पडलेलं नाही. कापलेल्या दोऱ्याचे तुकडे तू खिशात साठवायचीस आणि आई कपडे भिजवण्याआधी तुझे खिसे उलटे करून बघायची. एकदा ती विसरली आणि बाबांचे सगळे सदरे गुलाबी निघाले.

नमुना कागदावर काढला तरी तो कापडावर भरून बघावा लागतो, त्याशिवाय बाई छापत नाहीत. पूर्वी मी काढायचे आणि तू भरायचीस. आता दोन्ही मीच करते आणि चष्मा लावूनही मॅटीच्या कापडाची भोकं एकमेकांत मिसळतात. बारातला एखादा नमुना तू भरून देशील का, एवढंच विचारायचं होतं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, मला आता सवय आहे.

तुझी
ताई

२ जून

खारू,

मागच्या पत्राचं शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं. पाकीट डकवल्यावर लक्षात आलं आणि डकवलेलं पाकीट उघडायचा मला कंटाळा आला. तुला माझा स्वभाव नवा नाही.

पानगळीचे सहाही झाले. भोपळा, पावसात भिजलेली छत्री, बाकावर विसरलेलं पुस्तक, दोन पानांची चौकट, कंदील आणि एकदाची खार. खार पाठमोरी काढली, म्हणजे तोंडाचा प्रश्नच मिटला. बाई म्हणाल्या, "रुसलीय का हो ही?" मी म्हटलं, हो, रुसलीय, तशीच छापा.

हिवाळ्याचे पाच कागदावर आहेत. हातमोजे, किटली, लोकरीची टोपी घातलेला चंद्र वगैरे. सहावा अजून सुचत नाही. डोळे मिटले की नुसतं पांढरं दिसतं. हवेत काहीतरी आहे, पण काय ते कळत नाही.

बाईंनी परवा मुद्दाम विचारलं, "धाकटीशी तुमचं नक्की वाजलं कशावरून?" मी सांगितलं, कपाटावरून. सगळ्यांना तेच सांगते. आईचं सागवानी कपाट तुला हवं होतं आणि मी दिलं नाही, असं. तुला ते कपाट कधीच नको होतं हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. पण लोकांना कपाट पटतं.

तू त्या दिवशी काही बोललीच नाहीस. भिंतीकडे बघितलंस, चहा संपवलास, कप धुऊन पालथा घातलास आणि गेलीस. भांडली असतीस तर मी दोन द्यायच्या आणि तू दोन द्यायच्या, आठवड्यात सगळं मिटलं असतं. पालथ्या कपाशी कसं भांडायचं? तो अजून मी वापरत नाही.

आईचं भरतकामाचं झाड भिंतीवर आहे. काच पुसते मी दर रविवारी. अगदी व्यवस्थित आहे.

तुझी
ताई

२७ जून

खारू,

हे पत्र कामाचं नाही.

आज बाई तयार नमुने न्यायला घरी आल्या होत्या. चहा पिता पिता त्यांची नजर आईच्या झाडाकडे गेली. उठून काचेजवळ गेल्या, नाक टेकवलं आणि विचारलं, "यातली धाकटीची पानं कुठली?" मी म्हटलं, डावीकडची.

मी खोटं बोलले. डावीकडे तुझं एकही पान नाही. एवढं लिहून मी उठून पाणी प्यायले आणि परत बसले आहे. आता सगळं लिहिते.

आपण तिघींनी ते झाड भरायला घेतलं तेव्हा खोड आईचं, उजव्या फांद्या माझ्या आणि डाव्या तुझ्या, असं ठरलं होतं. तू डावखुरी. फुलीत दोन टाके, एक खालचा आणि एक वरचा. माझा वरचा टाका उजवीकडे झुकतो आणि तुझा डावीकडे. दोरा तोच, रंग तोच, पण उजेड पडला की तुझी पानं निराळी चमकायची. मला ते डोळ्यात खुपायचं. बाईंच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर माझाच नियम छापलेला असतो, की सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेने झुकला पाहिजे. आई मात्र म्हणायची, "असू दे गं. तिच्या पानांना दुसरीकडून वारा लागतोय."

आईच्या आजारपणात शेवटचे पंधरा दिवस तू तिच्या पलंगाशी बसून ती पानं पुरी केलीस. एका हातात तिचा हात आणि रिंग गुडघ्यांत धरलेली. मी बाहेर औषधं आणत होते, डॉक्टरांना फोन करत होते, कामाची होते. ती गेली तेव्हाही मी औषधाच्या दुकानात रांगेत होते. तू होतीस. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण त्याचा मला तुझा राग आला होता. असा राग यायला काही अर्थ नाही, पण आला.

महिन्याभराने चौकट करायला द्यायची वेळ आली, तेव्हा मी कापड टेबलावर पसरलं. मनाशी म्हटलं, आईचं शेवटचं काम आहे, ते नीट दिसलं पाहिजे. बारीक कात्री घेतली आणि तुझी पानं उसवली. त्रेचाळीस होती. आठ दिवस लागले. मग तीच पानं, त्याच रंगांत, माझ्या हाताने भरली. सगळं झाड एका बाजूला झुकलं. फार नीट दिसायला लागलं.

तू दारातून आत आलीस आणि तुला एका नजरेत कळलं. मला वाटलं होतं, कळणार नाही.

तुझे उसवलेले दोरे मी टाकले नाहीत. बिस्किटांच्या निळ्या डब्यात आहेत. प्रत्येक तुकड्याला अजून फुलीची मोड आहे. डबा उघडला की ते सरळ व्हायचं नाव घेत नाहीत.

माझं चुकलं, खारू. एवढं एक वाक्य लिहायला मला सात वर्षं आणि तीन पत्रं लागली.

ताई

१२ जुलै

खारू,

तुझं उत्तर आलेलं नाही आणि मी ते मागतही नाही. सोबत कापड पाठवते आहे. सहावा नमुना सुचला.

मागचं पत्र टाकलं त्याच दुपारी पुन्हा डोळा लागला. स्वप्नात दाट धुकं होतं, पांढरं, चौकटीचौकटीचं, आणि मी त्यात हात पुढे करून चालत होते. पुढे घर आहे हे मला माहीत होतं. दिसत काहीच नव्हतं, पण किटली उकळल्याचा आवाज येत होता आणि पलीकडे कुणीतरी दोरा दाताने तोडत होतं. आई त्यावरून तुला किती ओरडायची. मी म्हणत होते, कात्री घे, कात्री घे, आणि माझा आवाज धुक्यातून पुढे जातच नव्हता.

जागी झाले ती थेट कागदाकडे गेले. पांढऱ्या मॅटीवर पांढरा दोरा, दुसरा रंग नाही. नव्वद घरं लांब, ऐंशी घरं उंच. भोवतीचं धुकं मी भरलं आहे, पाच हजार आठशे फुल्या. मध्ये घराच्या आकाराची जागा रिकामी ठेवली आहे. छप्पर, धुराडं, एक दार. चौदाशे फुल्या होतील. त्या तू भर. दुसरं काही सांगत नाही, फक्त तुझ्या हाताने भर.

बाईंनी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत छापखाना थांबवायचं कबूल केलं आहे. बाकीचे अकरा नमुने गेले. हा आला नाही तर त्या जागी दुसरा हातमोजा छापतील. मला हातमोजा नको आहे.

आणि एक लिहून देते. तू जे पाठवशील त्यातला एकही टाका मी उसवणार नाही. ताईची शपथ.

ताई

४ ऑगस्ट

खारू,

पार्सल आज सकाळी आलं. पोस्टमन खाली सायकल लावतो न लावतो तोच मी जिन्यात होते. या वयात दोन दोन पायऱ्या उतरले. तो म्हणाला, "औषध आहे का काकू?" मी हो म्हटलं.

सुतळीची गाठ सोडवली आणि कापड उलगडलं. घर भरलं आहेस. एकही फुली चुकलेली नाही, मागची बाजूसुद्धा पुढच्यासारखी स्वच्छ आहे. मी कापड खिडकीशी नेलं. डावीकडे धरलं, उजवीकडे धरलं, तिरकं केलं, दिव्याखाली नेलं. घर दिसेना. नुसतं धुकं होतं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

मग तुझी चिठ्ठी वाचली. "ताई, आता माझे टाके सगळ्यांसारखेच पडतात. तपासून घे."

मी भिंग घेतलं. चौदाशेच्या चौदाशे फुल्या उजवीकडे झुकलेल्या. माझ्यासारख्या.

दोष तुझा नाही. मीच तुला सांगितलं नव्हतं. तो नमुना तुझ्या डाव्या हातावरच उभा होता. धुकं एका बाजूला झुकलेलं आणि घर दुसऱ्या, म्हणजे उजेड तिरका आला की पांढऱ्यातून पांढरं घर वर यावं. नुसतं "तुझ्या हाताने भर" लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले. वाटलं, तुला कळेल, तू हसशील. तू आपला हातच बदलला असशील हे माझ्या मनातही आलं नाही.

कधी बदललास गं? त्या चाळीसेक लडी भरून भरून बदललास का, की एका दिवसात? दर हिवाळ्यात पांढऱ्यावर पांढरं भरत बसायचीस, ते यासाठीच का? मी तुझी त्रेचाळीस पानं उसवली असं समजत होते. त्यानंतर तू सात वर्षं स्वतःला उसवत होतीस, आणि मी इथे दर रविवारी काच पुसत होते.

'तपासून घे' हे शब्द माझे आहेत. तू पाच वर्षांची असल्यापासून मी ते तुला म्हणत आले. आज दिवसभर ते घरात फिरताहेत.

बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "आलं ना कापड? मग घर उसवून पुन्हा दुसऱ्या दिशेने घाला की, चौदाशे तर फुल्या आहेत, चार दिवसांचं काम."

मी म्हटलं, ते व्हायचं नाही.

ताई

२३ ऑगस्ट

खारू,

नमुना आज बाईंकडे गेला. हातमोजा वाचला, म्हणजे हातमोज्यापासून पुस्तक वाचलं.

तुझ्या घराचा एक टाकाही मी उसवला नाही. मी माझं धुकं उसवलं.

पाच हजार आठशे फुल्या. अडीच दिवस नुसते कापण्यात आणि दोरे ओढण्यात गेले. तुझ्या भिंतीला लागून माझे जे टाके होते ते एकाच भोकात तुझ्या टाक्यांशेजारी उतरलेले. ते सोडवताना मी श्वास धरून बसायचे. एकदा कात्रीचं टोक तुझ्या धुराड्याला लागलं आणि मी भिंग आणून बघितलं. तुटलं नव्हतं. मग मी उठून पालथा ठेवलेला तुझा कप सुलटा केला आणि त्यात चहा घेतला. का ते विचारू नकोस, त्या वेळी तेच करावंसं वाटलं.

मग धुकं पुन्हा भरायला बसले, डावीकडे झुकणारं. पन्नास वर्षांचा हात आहे, ऐकतो का? पहिल्या दिवशी प्रत्येक फुलीला मोठ्याने म्हणत होते, "डावीकडे, डावीकडे." शेजारीणबाई दारातून डोकावून गेल्या. त्यांना वाटलं कुणाला तरी रस्ता सांगतेय. पहिल्या शंभरांतल्या एकतीस चुकल्या. तिसऱ्या दिवशी हाताला कळायला लागलं. सहाव्या दिवशी दोरा तोडायला कात्री सापडेना, तेव्हा मी तो दाताने तोडला. आई वरून बघत असेल तर कपाळाला हात लावला असेल तिने.

भरता भरता एक गोष्ट कळली, ती तुला सांगायलाच हवी. तुझ्या बाजूने टाका घालताना हात उजेडाच्या आड येत नाही. आपल्या खोलीची खिडकी तशी आहे. तू लहानपणी सांगायचीस, "ताई, मला असंच दिसतं." मी म्हणायचे, नखरे करू नकोस. मला आता दिसलं.

परवा सकाळी नऊला शेवटची फुली घातली. कापड खिडकीशी टेकवलं आणि तू बसायचीस त्या खुर्चीत, खिडकीच्या डाव्या हाताला, जाऊन बसले. आधी काहीच दिसलं नाही. मग उन्हाची तिरीप आली आणि धुक्यातून छप्पर वर आलं, मग धुराडं, मग दार. मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. किटली कोरडी पडून जळली. नवी घ्यावी लागेल.

बाईंनी कापड उजेडाला धरून डावी-उजवीकडे फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, "पण पहिल्या पानावर तुमचा एकाच दिशेचा नियम छापलाय ना?" तो मी काढायला लावला. या नमुन्याखाली एवढंच लिहून दिलं आहे, की धुकं एकीने भरावं आणि घर दुसरीने. त्या म्हणाल्या, "आणि घरात एकटीच असेल तर?" मी म्हटलं, दुसरीला पत्र लिहावं.

आता शेवटचं. आईचं झाड मी भिंतीवरून उतरवलं. काच काढली, पाठीमागचे खिळे काढले आणि डावीकडची त्रेचाळीस पानं उसवली. ती माझी होती. आईच्या खोडाला आणि माझ्या फांद्यांना हात लावलेला नाही. डावी बाजू आता ओकीबोकी आहे, पानगळ संपल्यावर असते तशी. तुझे जुने दोरे पुन्हा सुईत जाणार नाहीत, मी खूप प्रयत्न करून पाहिला. बाईंकडून त्याच रंगांच्या नव्या लडी आणून निळ्या डब्यात जुन्यांच्या शेजारी ठेवल्या आहेत.

तुझा हात आता उजवीकडेच पडत असेल तर उजवीकडे भर. डावीकडे वळला तर डावीकडे. काही डाव्या, काही उजव्या झाल्या तरी झाडाला दोन्हीकडून वारा लागला असं म्हणू.

एवढी मोठी चौकट पोस्टात घेत नाहीत, मी चौकशी केली. तेव्हा तुला इथे यावं लागेल. खुर्ची खिडकीशी आहे. सुई ओवून ठेवते.

मी तपासणार नाही.

ताई